दादरला उतरण्याचा खेळ

तयारी हे मराठी मध्यमवर्गाचं खरं कार्यक्षेत्र आहे. प्रत्यक्ष काम हा त्यातला किरकोळ आणि बहुधा टाळता येणारा भाग. सकाळी फिरायला जायचं ठरलं की आधी बूट येतात, मग बाटली, मग पावलं मोजणारं घड्याळ. आणि हे सगळं निवडताना एवढी दमछाक होते की व्यायाम झाल्याचं समाधान दुकानातच मिळतं. कुठली सॅक पाठीला बरी, यावर तासभर बोलणारे एक ट्रेकर माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनी अलीकडे सर केलेली सर्वांत उंच जागा म्हणजे पर्वती. अशा या समाजाला व्हिडिओ गेम बनवायचं वेड लागलं तर काय होईल? गेम होणार नाही. पण ‘शिकाऊ माणसाने तो कशात बनवावा’ या विषयाचे तज्ज्ञ घराघरांत तयार होतील. झालेच आहेत. त्यांतले निम्मे माझे नातेवाईक आहेत.

माझी कल्पना साधी होती. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडायची आणि दादरला उतरायचं. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांना वाटेल, यात खेळ कुठे आला? जे रोज करतात ते जाणतात की यापेक्षा बुद्धिबळ सुटसुटीत. तिथे निदान एका वेळी एकच सोंगटी हलते. चढल्यावर गर्दीच तुम्हाला आत नेऊन ठेवते. ठाण्याला आणखी आत. घाटकोपरला मेट्रोवाले उतरतात तेव्हा क्षणभर फट पडते. तीत पाऊल घातलं नाही तर ती मिटते. मग समोरच्या पाठीला विचारायचं, “दादर?” पाठ मान हलवते. तुम्ही रांगेत लागलात. पण उत्साहाच्या भरात फार पुढे सरकलात, तर कुर्ल्याला हार्बरवाले तुम्हाला स्वतःबरोबर फलाटावर घेऊन जातात. आणि रेंगाळलात तर भायखळ्याचं दर्शन घडतं. घाईची शिक्षा वेगळी, आळसाची वेगळी, आणि दोन्हींच्या मध्ये जेमतेम एक माणूस मावेल एवढी जागा. चांगल्या खेळाला आणखी काय लागतं?

मूळ आराखडा खरं तर याहून मोठा होता. कसारा आणि कर्जत या दोन्ही वाटा, पावसाळ्यात रुळांवर साचलेलं पाणी, चौथ्या सीटचं राजकारण, बसलेल्या माणसाला “कुठे उतरणार?” विचारून त्याची जागा आगाऊ बुक करणं, आणि बोनस लेव्हल म्हणून रविवारचा मेगाब्लॉक. हिने यादी वाचली आणि शांतपणे विचारलं, “हे सगळं व्हायच्या आत तुम्ही रिटायर व्हाल ना?”

या प्रश्नात बराच इतिहास दडलेला आहे. १९७२ साली अटारी कंपनीच्या नोलन बुशनेलने ॲलन अल्कॉर्न नावाच्या नव्या इंजिनिअरला हात बसावा म्हणून एक सोपा सराव दिला: पडद्यावर दोन दांड्या, एक ठिपका, मध्ये तुटक रेघ. तोच ‘पाँग’. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये एका बारमध्ये ठेवलेलं त्याचं पहिलं यंत्र थोड्याच दिवसांत बंद पडलं. उघडून पाहिलं तर आतला नाण्यांचा डबा ओसंडून वाहत होता. लेखा विभागात आयुष्य काढलेल्या माणसाला तांत्रिक बिघाडाची याहून गोड कथा ऐकायला मिळणार नाही. जगातल्या पहिल्या गाजलेल्या खेळांपैकी एक जर नव्या माणसाचा गृहपाठ असेल, तर कर्जत आणि कसारा दोन्ही एकदम बांधायला काढणारा मी कोण? मी मेगाब्लॉक खोडला, पावसाळा खोडला, शेवटी एक डबा आणि एक दार उरलं. आता हे बनवायचं कशात, एवढं मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं.

पहिलं उत्तर हिंजवडीहून आलं. “मामा, अनरियल. इंडस्ट्री स्टँडर्ड.” भाचा जे सुचवतो ते इंडस्ट्री स्टँडर्डच असतं, गेल्या दिवाळीत त्याने ताईला घेऊन दिलेला मिक्सरसुद्धा. अनरियल हे अमेरिकेतल्या एपिक गेम्सचं इंजिन, म्हणजे खेळ ज्यावर उभा करायचा ती तयार यंत्रणा. १९९८ साली त्याच नावाचा एक गोळीबाराचा खेळ आला, त्याच्याबरोबर ते जन्मलं आणि पुढे एवढं वाढलं की आता सिनेमावालेही ते वापरतात. भाच्याने पुरावा म्हणून ‘राजी’ची चित्रफीत पाठवली. हा खेळ पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने अनरियलमध्ये बनवून २०२० साली आणला. राजस्थानी धाटणीचे महाल, कोरीव खांब, राक्षसांशी लढणारी सर्कशीतली मुलगी. पाहून ऊर भरून आला. फक्त मला महाल नको होता. मला छताला लोंबणाऱ्या कड्या हव्या होत्या.

अनरियलवर अन्याय नको. त्यात ब्लूप्रिंट नावाची सोय आहे. कोड लिहायच्या ऐवजी चौकोन मांडून ते तारांनी जोडायचे. प्रोग्रामिंग न शिकलेले चित्रकारही त्यात काम करतात. पण ते उतरवून घ्यायला कित्येक जीबी जागा लागते आणि माझा लॅपटॉप मुलीच्या जुन्या प्रोजेक्टांनी आणि लग्नांच्या चित्रफितींनी भरलेला. जागा करायची तर मेव्हण्याच्या लग्नाची फीत उडवावी लागणार, असं मी चाचरत सांगितलं. ही म्हणाली, “गेम करा न करा, ती मात्र उडवा.”

मेव्हणा सी. ए. आहे. त्याने ग्रुपवर इशारा दिला: “युनिटी घेऊ नका, दायित्व येईल.” युनिटी हे कोपनहेगनमध्ये सुरू झालेलं, २००५ साली बाजारात आलेलं इंजिन. शिकणाऱ्यांसाठी त्याचे धडे ढिगाने मिळतात आणि मोबाइलवरचे असंख्य खेळ त्यातच बनतात. पण १२ सप्टेंबर २०२३ रोजी कंपनीने जाहीर केलं की ठरावीक मर्यादेपुढे गेलेल्या खेळांना प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे भरावे लागतील. फुकट आवृत्ती वापरणाऱ्यांसाठी ती मर्यादा वर्षाला २ लाख डॉलर उत्पन्न आणि एकूण २ लाख इन्स्टॉल अशी होती, आणि दर इन्स्टॉलमागे २० सेंट. जगभरचे गेमवाले खवळले. दहाच दिवसांत कंपनी नरमली, पुढच्या महिन्यात प्रमुख जॉन रिकिटिएलो पायउतार झाले आणि २०२४च्या सप्टेंबरात ते शुल्कच रद्द झालं. प्रकरण मिटलं होतं; आमच्या घरात ते तेव्हा कुठे सुरू झालं. शुल्क पुन्हा आलं तर? मेव्हण्याचं मत पडलं की आधीच तरतूद करून ठेवावी. जो खेळ अस्तित्वात नाही, त्याच्या २ लाख डॉलर उत्पन्नावर येऊ न शकणाऱ्या शुल्काची तरतूद कुठल्या खात्यात दाखवायची, यावर आम्ही दोघांनी जेवणं थंड करून चर्चा केली. अनरियलचा साधारण नियम वेगळा: पहिल्या १० लाख डॉलरपर्यंत काही नाही, त्यापुढे ५ टक्के. १० लाख डॉलर मिळाल्यावर ५ टक्के द्यायला माझी हरकत नव्हती. हिची होती.

तिसऱ्या मजल्यावरचे काका वेगळ्या पंथाचे. पंच कार्डांच्या काळात त्यांनी संगणक पाहिला होता आणि त्यानंतर झालेल्या सगळ्या सुधारणांना ते लाड म्हणतात. “सी प्लस प्लस शीक. इंजिन स्वतः लिही. आयतं इंजिन वापरणं हा खेळ नव्हे, भाडेकरार आहे.” त्यांनी किती खेळ बनवले, असं विचारण्याची आमच्या सोसायटीत पद्धत नाही. त्यांचं आवडतं उदाहरण एरिक बरोनचं. शेती, गाव आणि गावकऱ्यांचा ‘स्टारड्यू व्हॅली’ हा खेळ त्याने एकट्याने, चित्रांपासून संगीतापर्यंत, चार वर्षांहून जास्त काळ खपून केला आणि २०१६ साली आणला. काका विसरतात ती गोष्ट अशी की त्यानेही अगदी शून्यापासून सुरुवात केली नव्हती. मायक्रोसॉफ्टची एक्सएनए ही तयार चौकट हाताशी होती. काकांना मी ते सांगितलं नाही. ते सोसायटीचे खजिनदार आहेत.

चौथ्या गटाचं ब्रीद ‘कोडिंग लागत नाही’. जीडेव्हलप आणि कन्स्ट्रक्ट ही त्यांची दैवतं. तिथे डावीकडे अट लिहायची, उजवीकडे कृती. ‘खेळाडू दाराला भिडला असेल तर पुढचं स्टेशन दाखव.’ मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं. अट पूर्ण नसेल तर कागद परत, यावरच आमचा विभाग वर्षानुवर्षं उभा आहे. कोडिंग लागत नाही हे खरंच आहे. विचार मात्र लागतो, आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही. अटी शंभराच्या वर गेल्या की त्यांतली कुठली आधी तपासायची हे ठरवताना जो घाम फुटतो, तो कोड लिहिणाऱ्याला फुटतो त्याच दर्जाचा असतो.

एवढा मालमसाला जमल्यावर मी जे करायचं तेच केलं. एक्सेल उघडलं. आडव्या ओळीत साधनं, उभ्या स्तंभात गुण: किंमत, भाषा, डाउनलोडचा आकार, धडे, आणि शेवटचा स्तंभ ‘यात बनलेला नामांकित खेळ’. या शेवटच्या स्तंभाने सगळा तक्ता धुळीला मिळवला. गेममेकर हे नेदरलँड्समधल्या मार्क ओव्हरमार्स या प्राध्यापकाने १९९९ मध्ये आणलेलं साधन. वाटलं, विद्यार्थ्यांचं खेळणं असेल. त्यात टोबी फॉक्सने ‘अंडरटेल’ केला. आरपीजी मेकर म्हणजे तयार ठोकळ्यांचा संच. त्यात ‘टू द मून’ झाला आणि लोक खेळता खेळता रडले. पिको-८ तर मुद्दाम खुजं ठेवलेलं साधन: पडदा १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचा, रंग १६. ‘सेलेस्ट’चा पहिला अवतार त्यात दोघांनी चार दिवसांत उभा केला. २०२४ साली पत्त्यांच्या ‘बलात्रो’ने जगाची झोप उडवली, तो लव्ह नावाच्या छोट्याशा फुकट चौकटीत लुआ भाषेत लिहिलेला. आणि १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव्हने ‘टेट्रिस’ बनवला तेव्हा त्याच्या यंत्रावर चित्रं उमटतच नव्हती. त्याने चौकोनी कंस वापरून ठोकळे पाडले. प्रत्येक साधनाला पैकीच्या पैकी. चौकोनी कंसांनाही.

सकाळी लोकलच्या डब्यात आमच्या भजनाच्या ग्रुपमध्ये म्हटलं, इंजिन काही ठरत नाहीये. आमच्याकडे टाळ धरणारे एक बुवा आहेत, रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमधले. ते म्हणाले, “लोकलला इंजिन असतंय कुठं? मोटर डब्यातच असती. उगाच शोधत बसू नका.” आणि त्यांनी पुढचा अभंग घेतला.

कोंडी फोडली ती मुलीने. ती सहावीत आहे आणि शाळेत त्यांना स्क्रॅच शिकवतात. मी तिला तक्ता दाखवला, रंगवलेले स्तंभ दाखवले, वजनी सरासरी समजावली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाबा, यात हरायचं कसं?”

तक्त्यात तो स्तंभ नव्हता.

“म्हणजे कुर्ल्याला बाहेर पडलं की हरलं, की पुन्हा चढता येतं? आणि भायखळ्याला गेलं की?” मी म्हटलं, तो तपशील नंतर ठरेल, आधी साधन ठरू दे. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती तिच्या आजीची आहे. मग ती लॅपटॉप घेऊन बसली.

स्क्रॅच अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने बनवलं आणि २००७ साली जगाला फुकट दिलं. ब्राउझरमध्ये उघडतं. पडद्यावर आधीपासून एक नारिंगी मांजर उभं असतं आणि रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून त्याला कामाला लावायचं असतं. ‘१० पावलं चाल.’ ‘कडेला लागलास तर उलट फिर.’ वर हिरवा झेंडा. तो दाबला की खेळ सुरू. गार्डच्या हातात असतो तसाच, म्हणून मला पहिल्या क्षणापासून जिव्हाळा वाटला. प्रवाशांसाठी तिने तयार चित्रांमधून खेकडा निवडला. मी म्हटलं, माणसं घे. ती म्हणाली, खेकडेच बरे दिसतात. समाजशास्त्राच्या दृष्टीने मला उत्तर सुचलं नाही.

दुपारच्या चहापर्यंत मांजर डोंबिवलीला चढलं होतं. बाण दाबला की ते दाराकडे जायचं, खेकडे इकडेतिकडे हिंडायचे, वर स्टेशनांची नावं बदलायची. कुर्ल्याला दारात सापडलं तर हरलं. दादरला दारात असलं तर जिंकलं. भायखळा आलं तर मांजर ‘म्यांव’ म्हणून बसून राहायचं. चालू होतं सगळं. फक्त एक अडचण होती. मांजर खेकड्यांच्या आरपार जात होतं आणि खेकडे एकमेकांच्या. गच्च भरलेल्या डब्यात कुणाचा कुणाला धक्का लागत नव्हता. अशी लोकल मला आयुष्यात मिळाली असती तर मी तिच्यावर खेळ कशाला बनवला असता?

माझ्या खेळाचा जीव धक्क्यात होता, आणि हे कुठल्याही तुलनेत कळलं नसतं; त्यासाठी आरपार जाणारं मांजर पाहावं लागलं. स्क्रॅचमध्ये वस्तूंनी एकमेकांना ढकलण्याचं शास्त्र आयतं मिळत नाही, ते हाताने रचावं लागतं. बाकी बऱ्याच इंजिनांत ते आयतं असतं. म्हणजे आता साधनाला विचारायचा प्रश्न ‘तू सोपं आहेस का?’ हा नव्हता. त्याचं उत्तर प्रत्येक जण ‘हो’ असंच देतो. प्रश्न असा होता: ‘तू मला धक्का देशील का?’ निम्मा तक्ता तिथल्या तिथे गळाला. ज्याच्या डोक्यात गोष्ट आहे आणि वाचणाऱ्याने फाटा निवडायचा आहे, त्याला धक्क्याशी काय करायचं? त्याने ट्वाइन घ्यावं. त्यात पानं लिहून एकमेकांना जोडली की ब्राउझरमध्ये चालणारा खेळ तयार होतो, आणि चित्रं काढायचीही गरज नाही. ज्याला महालच उभारायचे आहेत त्याने भाच्याशी बोलावं.

दुसरी चाचणी मी स्वतः काढली आणि मराठीत खेळ करू पाहणाऱ्या प्रत्येकाला ती फुकट देतो. साधन उघडा आणि पडद्यावर दोन शब्द उमटवा: ‘डोंबिवली’ आणि ‘कल्याण’. देवनागरी अक्षरं नुसती ओळीने ठेवून भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी टाइप होते अक्षरानंतर पण बसते आधी, आणि जोडाक्षरात दोन अक्षरांचं एक व्हावं लागतं. हे जुळवणारी यंत्रणा इंजिनात नसेल तर डोंबिवलीच्या ‘बि’ची वेलांटी चुकीच्या बाजूला चढते आणि ‘कल्याण’ मधोमध पाय मोडून पडतं. इंग्रजी धड्यांत या गोष्टीचा उल्लेखही नसतो, कारण त्यांच्या एकाही स्टेशनाला वेलांटी नाही. सगळं बांधून झाल्यावर पाट्या तुटक्या निघण्यापेक्षा पहिल्याच दिवशी तपासलेलं बरं.

दोन्ही चाचण्यांत, माझ्या वयोवृद्ध लॅपटॉपसकट, पार पडलं ते गोदो. हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सुर या दोन अर्जेंटिनावाल्यांनी बनवलेलं, २०१४ साली सगळ्यांसाठी खुलं केलेलं. परवाना असा की उद्या १० लाख डॉलर आले तरी कुणाला छदाम द्यायचा नाही, त्यामुळे मेव्हणा गप्प झाला. शे-दीडशे एमबीचा ऐवज, इन्स्टॉलसुद्धा करावा लागत नाही, त्यामुळे त्याच्या लग्नाची फीत वाचली आणि ही गप्प झाली. देवनागरी जुळवण्याची सोय २०२३च्या मार्चमध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून आहे, तिसरीत नव्हती. नाव बेकेटच्या नाटकावरून घेतलेलं. ज्याची वाट पाहत दोन माणसं पूर्ण नाटक काढतात आणि जो येतच नाही, तो हा गोदो. लोकांना ते नाटक असंबद्ध वाटतं. फलाटावर उभं राहून इंडिकेटरकडे बघण्यात तारुण्य गेलेल्या माणसाला त्यात न समजण्यासारखं काही नाही.

आवृत्तीवरून आठवलं. शिकाऊ माणसाचा खरा घात अवघड भाषा करत नाही, जुना धडा करतो. यूट्यूबवरचा तरुण हसतमुखाने सांगतो, ‘कायनेमॅटिकबॉडी निवडा.’ आपण शोधतो. ती यादीत नाही. चौथ्या आवृत्तीत तिचं नाव कॅरेक्टरबॉडी झालेलं असतं, आणि नव्या नकाशात एल्फिन्स्टन रोड शोधणाऱ्याला समोरची प्रभादेवी दिसू नये तसं आपलं होतं. धडा आणि साधन एकाच आवृत्तीचे आहेत ना, हे आधी पाहावं. ‘सोपं’ या शब्दाचा निम्मा अर्थ तेवढाच आहे.

डबा मी वरून दिसेल असा काढला. वरून पाहिलं की माणूस म्हणजे एक वर्तुळ. काहींच्या बाबतीत टक्कल धरून हुबेहूब. चाळीसएक वर्तुळं डब्यात सोडली, प्रत्येकाला धक्का लागेल आणि देता येईल असं केलं आणि ‘चालव’ दाबलं. सगळे प्रवासी, कुठलीही तक्रार न करता, पडद्याच्या खालच्या कडेतून बाहेर पडले. डब्याच्या भिंती मी नुसत्या रंगवलेल्या होत्या आणि गोदोत गुरुत्वाकर्षण सुरुवातीपासून चालू असतं. शाळेत ९.८ शिकलो होतो. इथे त्याचं मूल्य ९८० असतं, म्हणजे साधारण शंभर ठिपक्यांचा एक मीटर धरलेला. मी वरून पाहतोय हे इंजिनाला कुठून कळणार? त्याच्या दृष्टीने मी चाळीस माणसं हवेत टांगून ठेवली होती.

गुरुत्वाकर्षण शून्य केलं. आता एकाने दुसऱ्याला निसटता खांदा लावला तरी तो संथपणे तरंगत डब्याच्या दुसऱ्या टोकाला जायचा, वाटेत आणखी चौघांना तरंगवत. अंतराळवीरांची लोकल. मग ‘लिनिअर डॅम्प’ नावाचा आकडा सापडला. धक्का किती लवकर मुरतो, ते हा ठरवतो. वाढवला तशी गर्दी जड होत गेली. थोडा वाढवला तेव्हा दुपारची बाराची गाडी झाली. आणखी वाढवला तेव्हा शनिवार सकाळ. मग एका आकड्यावर माझ्या वर्तुळाला दोन वर्तुळांच्या मध्ये शिरायला जो क्षण लागला, त्या क्षणी खांद्यावरची बॅग पुढे घ्यायला माझा हात आपोआप उठला. आठ-वीसची फास्ट. दोन-तीन वर्तुळांचं वस्तुमान तिप्पट केलं. असे गृहस्थ प्रत्येक डब्यात असतात आणि ते नेहमी दारातच उभे असतात. उरलं एकच: ज्याचं स्टेशन येईल त्याला दाराच्या दिशेने जोर. मुलीने नियम तपासले, हरण्याच्या जागा दोन ठेवल्या आणि पास केलं.

ब्राउझरमध्ये चालेल असा बांधून मी खेळ मोबाइलवर डब्यात नेला. घाटकोपरच्या अलीकडे तो हातोहात फिरू लागला. विम्यातले एक जण कुर्ल्याला बाहेर फेकले गेले, पुन्हा खेळले, पुन्हा कुर्ला. दुसरे भायखळ्याला पोचून चिडले. डावा-उजवा दाबून अंगठे दुखायला लागले तेव्हा मोबाइल बुवांकडे आला. बुवांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल तळहातावर आडवा ठेवला आणि पाहत राहिले. बोट लावलंच नाही. ठाण्याला त्यांचं वर्तुळ आत लोटलं गेलं. घाटकोपरला थोडं फिरलं. कुर्ल्याचे लोक त्याच्या अंगावरून गेले आणि त्याला कडेला दाबून गेले. मग दादर आलं, मागच्या पंधरा-वीस वर्तुळांनी एकदम जोर केला, आणि बुवांचं वर्तुळ त्या लोंढ्यात अलगद उचललं जाऊन दारातून बाहेर पडलं. पडद्यावर ‘जिंकलात’ उमटलं. वेलांटी जागच्या जागी.

“हे बरोबर नाही,” मी म्हटलं. “तुम्ही काहीच केलं नाहीत.”

“दादरला उतरायला काय करायला लागतंय?” बुवा म्हणाले. “वाटेत येऊ नये, झालं.”

भाच्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, मामा, हा बग आहे, दुरुस्त करा. मी तसाच ठेवला. एवढं खरं वागणारी दुसरी एकही गोष्ट माझ्या खेळात नाही. त्यानंतर ग्रुपमध्ये पुष्कळ चर्चा झाली: परळवाल्यांवर अन्याय का, विंडो सीट कधी येणार, फर्स्ट क्लास ठेवला तर पैसे घेणार का. गोदो की युनिटी की चौकोनी कंस, हे मात्र कुणी विचारलं नाही. खेळणाऱ्याला ते कळतही नाही आणि कळावं असं वाटतही नाही.

परवा शेवटी एकाने विचारलं. कॉलेजातला मुलगा, डब्यात नवा. “काका, कशात बनवलंत?” मी सरसावून बसणार होतो, पण जागा नव्हती. त्यालाही गेम बनवायचा होता. त्याने मोबाइल काढून मला तक्ता दाखवला. साधनं माझ्यापेक्षा जास्त, स्तंभ माझ्यापेक्षा जास्त, रंगसंगतीही बरी. मी म्हटलं, छान आहे, पण तुझ्या खेळात हरायचं कसं?

“ते बघू काका,” तो म्हणाला, “आधी इंजिन तर ठरू दे.”